हाती कथलाचा वाळा

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण प्रत्यक्ष कथील हातात घेतलेली माणसं आता फार थोडी उरली असतील. म्हणीत त्याला मान नाही. सोनं परवडत नाही, चांदी जमत नाही, म्हणून मनगटात कथील. या धातूबद्दल वाचत, विचारत गेले तसतसं मला वाटू लागलं की कथलावर हा अन्यायच झाला आहे. ते कधी मिरवत नाही. दुसऱ्या धातूवर पातळ थर होऊन बसतं, नाहीतर दुसऱ्यात थोडंसं मिसळतं, आणि नाव त्या दुसऱ्याचंच होतं. तांब्याचं पातेलं, पत्र्याचा डबा, देवळातली घंटा, खिडकीची काच, हातातला मोबाइल. या सगळ्यांत कथलाचा हात आहे आणि एकाच्याही नावात ते नाही.

उलट जिथे नाव आहे तिथे ते बहुतेकदा नसतं. इंग्रजीत कथलाला टिन म्हणतात. आपण 'टिनाचं छप्पर', 'टिनशेड' म्हणतो, पण तो लोखंडी पत्रा असतो आणि त्यावर मुलामा असतो जस्ताचा. पोळ्या गुंडाळायचा 'टिन फॉइल' तर पूर्ण ॲल्युमिनियमचा. एके काळी तो खरोखर कथलाचा असे, ॲल्युमिनियम स्वस्त झालं आणि कथील मागे पडलं. तेव्हा आधी हे पक्कं करून घेऊ: जस्त वेगळं, शिसं वेगळं, कथील वेगळं. जुन्या लोकांना हा फरक नीट ठाऊक होता. घरी रुद्राची आवर्तनं होत असतील तर चमकात 'सीसं च मे त्रपुश्च मे' हे शब्द कानावर पडले असतील. त्यातलं सीस म्हणजे शिसं आणि त्रपु म्हणजे कथील. आयुर्वेदातल्या वंगभस्मातलं 'वंग' तेही हेच.

रसायनशास्त्रात त्याची खूण एसएन, लॅटिन 'स्टॅनम'वरून. अणुक्रमांक 50. रंग चांदीसारखा पांढरा, किंचित पिवळसर झाक असलेला. मऊ इतकं की बारीक कांडी हातानं वाकते. आणि वाकवताना ते आवाज करतं. कांडी कानाजवळ धरून हळूच वाकवली की आतून कुरकुर ऐकू येते, कोरडी पानं चुरगळल्यासारखी. धातूच्या आत स्फटिक असतात, ते ताणाखाली एकदम कूस बदलतात, त्याचा हा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं कांडी तुटली. कुठे चीर नव्हती, काही नव्हतं.

पण त्याचा सगळ्यात कामाचा गुण म्हणजे ते फार लवकर वितळतं. तांबं वितळायला 1085 अंश सेल्सिअस लागतात, लोखंडाला 1538. कथलाला 232 पुरतात. पुऱ्या तळताना तेल साधारण 180 अंशांवर असतं, म्हणजे कथील त्याच्या थोडंसंच पुढे. कोळशाच्या शेगडीवरही ते पाण्यासारखं होतं. आणि वितळल्यावर उकळायला मात्र 2600 अंशांच्या आसपास जावं लागतं. इतका मोठा टप्पा ते पातळ राहू शकतं, वाफ होऊन उडून जात नाही. याच गुणावर एक अख्खा उद्योग उभा आहे, त्याकडे पुढे येईन.

आधी कल्हई. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे घरात सांगावं लागत नसे. आंबट पदार्थातलं आम्ल तांब्याला खातं, तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, चव कडवट होते आणि पोट ढवळतं. पितळेत तांबं असतंच, त्यामुळे त्याचीही तीच गत. चिंचेची आमटी, कोकमाचं सार, ताकाची कढी असा आपला रोजचा स्वयंपाक, आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचवण्यात तांब्यापितळेसारखं भांडं नाही. या दोन्हींचा मेळ घातला कल्हईनं. भांड्याच्या आतून कथलाचा पातळ थर दिला की अन्नाला तांबं लागतच नाही, आणि कथील स्वतः आमटीताकाच्या आम्लाला सहज दाद देत नाही.

आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा तेव्हा मी पातेली घेऊन जायचे आणि काम संपेपर्यंत तिथेच उकिडवी बसून राहायचे. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. तो आधी भांडं घासून चकचकीत करायचा, मग चिमट्यानं निखाऱ्यांवर फिरवून तापवायचा. भांडं पुरतं तापलं की त्यात चिमूटभर नवसागर टाकायचा. क्षणात पांढरा दाट धूर उठायचा, नाकाला झोंबायचा. लगेच कथलाची कांडी तापल्या पितळेवर दोन ठिकाणी टेकवायची. ती टेकताच वितळायची. आणि मग कापसाचा बोळा सर्रकन फिरला की पिवळं भांडं डोळ्यांदेखत पांढरं व्हायचं. कड राहिली असेल तर तिथे पुन्हा एक चिमूट, पुन्हा एक हात. शेवटी भांडं पाण्यात, चर्र.

यातली खरी किमया नवसागराची. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्या धातूवर हवेमुळे सतत एक बारीक गंजासारखी साय धरत असते, आणि त्या सायीवर कथील चिकटत नाही, तेलकट ताटावर पाण्याचे थेंब व्हावेत तसं गोळा होऊन घरंगळतं. नवसागर तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो ही साय खाऊन टाकतो. उघड्या, स्वच्छ धातूवर कथील झरझर पसरतं. आणि ते नुसतं वर बसत नाही. सीमेवर कथलाचे आणि तांब्याचे अणू एकमेकांत शिरून एक नवं संयुग तयार होतं. म्हणून कल्हई रंगासारखी पापुद्रे होऊन सुटत नाही, घासून घासून झिजते. काही महिन्यांनी तळाशी पिवळं दिसू लागलं की समजायचं, कल्हई उडाली.

माझ्या हातून एकदा कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर राहिलं. फोन आला, बोलत बसले. परत येऊन पाहते तर तळावर पाऱ्यासारखे थेंब गोळा झालेले आणि त्यांच्यामधून पितळ उघडं पडलेलं. 232 अंश हा आकडा मी तेव्हा डोळ्यांनी पाहिला. म्हणून कल्हईच्या भांड्यात आधी पाणी, दूध, डाळ काहीतरी घालावं आणि मग आच लावावी. आत पाणी आहे तोवर ते भांडं 100 च्या फार वर जातच नाही. फोडणी मात्र लोखंडी पळीतच करावी, आणि घासायला तारेची घासणी वापरू नये.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. शिसं कथलापेक्षा पुष्कळ स्वस्त असतं आणि वितळल्यावर दोन्ही सारखीच चमकतात, त्यामुळे भेसळीचा मोह होतो. शिसं अन्नातून पोटात जाणं, विशेषतः लहान मुलांच्या, फार वाईट. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. कल्हई करून घेताना कांडी पाहायला मागा, संकोच करू नका. शुद्ध कथील वाकवताना कुरकुरतं. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी काळी रेघ उठते. थोडी भेसळ अशा घरगुती परीक्षेत पकडली जाणार नाही, म्हणून खात्रीचा माणूस शोधणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

आता कासं. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ. दोन्ही एकत्र वितळवले की निघतो तो धातू दोघांपेक्षा कितीतरी कठीण. पत्त्यांचा कॅट हाताखाली सहज सरकतो, पण पानांमध्ये मधेमधे साबुदाण्याचे दाणे ठेवले तर सरकेल का? तांब्यातल्या अणूंचे थरही असेच एकमेकांवरून सरकतात, म्हणून तांबं ठोकलं की पसरतं. कथलाचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा मोठा. तो थरांमध्ये अडकतो आणि सरकणं अवघड करतो. दहा भाग तांब्याला एक भाग कथील, एवढ्यानंही हत्यारं घडवण्याजोगा धातू मिळतो. मानवी इतिहासातल्या एका अख्ख्या युगाला या मिश्रणाचं नाव आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे 1982 मध्ये समुद्रतळाशी एक बुडालेलं जहाज सापडलं, सुमारे 3300 वर्षांपूर्वीचं. त्यावर साधारण दहा टन तांबं होतं आणि एक टन कथील. कोणीतरी हिशोब करूनच माल भरला होता.

कथलाचं प्रमाण वाढवत शंभरात वीस-बावीस भागांपर्यंत नेलं की धातू गाऊ लागतो. तो इतका ताठ होतो की ठोका दिल्यावर कंप आत जिरत नाही, बराच वेळ घुमत राहतो. घंटेचा धातू तो हाच, आणि काशाच्या ताटावाटीचाही. मात्र तो ठिसूळही होतो. पितळेचं ताट पडलं तर पोचा येतो, काशाचं तडकतं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठे घेऊन आले आणि आपल्या देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच, तिच्यावर 1721 साल कोरलेलं आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरही अशी एक घंटा आहे. नारोशंकराची घंटा गोदेच्या पुराची पातळी सांगायलाही नाशिककर वापरतात, पाणी घंटेपर्यंत चढलं का, असं विचारतात.

काशाच्या वाटीनं तळपाय घासल्यावर जो काळेपणा येतो, ती 'अंगातली उष्णता' असं आजी सांगायची. पाय चोळून घेतल्यावर शांत वाटतं यात शंकाच नाही. काळेपणा मात्र धातूच्या बारीक झिजेचा आणि तेलातुपातल्या आम्लांशी तांब्याच्या झालेल्या संयोगाचा असतो. तीच वाटी तूप लावून लाकडावर घासली तरी काळं येईल.

पत्र्याच्या डब्याकडे वळू. 1810 साली पीटर ड्युरँड यांना इंग्लंडमध्ये अन्न टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं, त्यात कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यांचा समावेश होता. डबे उघडायचं हत्यार मात्र पुढे चाळीसेक वर्षांनी आलं, तोवर छिन्नी आणि हातोडी. आजही तेलातुपाचा पंधरा किलोचा डबा किंवा हापूसच्या रसाचा डबा म्हणजे पोलादी पत्रा आणि त्यावर कथील, एका चौरस मीटरला काही ग्रॅमच, बहुधा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी जाड थर. अमेरिकेतल्या मराठी घरात डिसेंबरात पुरी-आमरस होतो तो याच डब्याच्या जोरावर.

इथे जस्त आणि कथील यांच्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. छपराच्या पत्र्यावरचं जस्त ओरखडलं तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजायला तयार असतं. ते आधी स्वतःला खर्ची घालतं. कथलाचं बाहेरच्या हवेत उलट होतं. ओरखडा पडला की लोखंडच आधी झिजतं, आणि कथील शेजारी असल्यामुळे उलट जास्तच वेगानं. म्हणून पावसापाण्यात राहणाऱ्या छपराला जस्त. पण बंद डब्याच्या आत, जिथे हवा नाही आणि फळांची आम्लं आहेत, तिथे नातं पालटतं. फळांची आम्लं विरघळलेलं कथील धरून ठेवतात आणि त्यामुळे आता कथील स्वतः हळूहळू विरघळतं, लोखंडाला वाचवतं. अननसाच्या डब्यांना आतून रोगणाचा थर न देता उघडं कथील ठेवतात ते यासाठीच, त्यानं फोडींचा रंगही फिका, ताजा राहतो. डबा उघडला की हवा आत आली. उरलेला रस त्याच डब्यात फ्रीजमध्ये ठेवू नका, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. हवेबरोबर कथील आणि लोखंड झपाट्यानं रसात उतरतं.

कथलाला एक आजारही आहे. 13 अंशांच्या खाली पांढरं कथील हे त्याचं स्थिर रूप राहत नाही. अणूंना वेगळी मांडणी जास्त सोयीची वाटू लागते, हिऱ्यातल्या कार्बनसारखी. त्या मांडणीत जागा सव्वापटीहून अधिक लागते, त्यामुळे चकचकीत धातूवर राखाडी फोड येतात आणि तो भुकटी होऊन पडतो. राखाडी कण पांढऱ्या कथलाला लागला तर तिथूनही सुरुवात होते, दुधाला विरजण लागावं तसं. उत्तर युरोपातल्या थंडगार चर्चमध्ये ऑर्गनच्या नळ्यांवर लोकांनी हे पाहिलं. मग निफाडला थंडीत पारा 13 च्या खूप खाली जातो, तिथली कल्हई का उडत नाही? कारण हा बदल अतिशय सावकाश चालतो, त्याला जोर चढतो तो शून्याखाली तीस-चाळीस अंशांच्या आसपास. शिवाय अँटिमनी, बिस्मथ, शिसं यांचा किंचित अंश असला तरी तो रोखला जातो. 1812 मध्ये रशियाच्या थंडीत नेपोलियनच्या सैनिकांच्या कोटांची कथलाची बटणं अशीच भुकटी झाली, ही गोष्ट फार सांगितली जाते. मला ती पटत नाही. एका हिवाळ्यात इतकं घडायला हा आजार फार मंद आहे.

आज जगात वापरलं जाणारं जवळपास निम्मं कथील जातं डाखात, म्हणजे सोल्डरमध्ये. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गरम सळीच्या टोकाशी तार टेकते, चकाकता थेंब पडतो, धूर निघतो आणि जोड बसतो. कल्हईचंच हे लहान रूप, नवसागराऐवजी राळ. शंभरात 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं हे जुनं मिश्रण 183 अंशांनाच वितळायचं, काम करायला गोड. पण टाकून दिलेल्या उपकरणांतलं शिसं माती-पाण्यात जातं, म्हणून युरोपीय संघानं जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत ते बंद केलं. आता बहुतेक ठिकाणी कथील, थोडी चांदी आणि नावाला तांबं असा डाख वापरतात.

शिसं गेल्यावर एक जुनी खोड पुन्हा डोकं वर काढू लागली. कथलाच्या शुद्ध मुलाम्यातून आपोआप केस उगवतात. खरोखरचे धातूचे केस, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक, कधी कधी कित्येक मिलिमीटर लांब. थरात दाब साठतो आणि धातू त्या वाटेनं बाहेर ढकलला जातो. असा एक केस शेजारच्या तारेला टेकला की शॉर्ट सर्किट. मे 1998 मध्ये गॅलॅक्सी 4 हा उपग्रह बंद पडला आणि अमेरिकेतले बहुतांश पेजर मुके झाले. त्याच्या नियंत्रक यंत्रातल्या बिघाडाचं खापर याच केसांवर फुटलं.

खिडकीच्या काचेचं मी वर म्हटलं होतं. पूर्वी सपाट काच हवी तर ती दोन्ही बाजूंनी घासून घासून गुळगुळीत करावी लागे. इंग्लंडमध्ये ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनी 1950 च्या दशकात वेगळी वाट काढली. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगत सोडायची. द्रवाचा पृष्ठभाग आपसूक सपाट असतो, त्यावर काचही तशीच पसरते. यासाठी असा द्रव हवा जो काचेपेक्षा जड असेल, 1000 अंशांच्या वरही वाफ होऊन उडणार नाही, आणि काच घट्ट होऊन उचलण्याजोगी होईपर्यंत, म्हणजे 600 अंशांपर्यंत, पातळच राहील. या अटींत कथील जसं बसतं तसं दुसरं काहीच बसत नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात तळोज्यालाही अशी काच होते. तुमच्या खिडकीच्या काचेच्या एका बाजूला कथलाचा सूक्ष्म अंश आहे. अतिनील दिव्याखाली ती बाजू मंद, दुधाळ चमकते, आणि काचेवर मुलामा देणारे कारागीर तिच्यावरूनच बाजू ओळखतात.

मोबाइलच्या पडद्यावर बोटाचा स्पर्श ओळखणारा अदृश्य थर बहुधा इंडियम नावाचा धातू आणि कथील यांच्या ऑक्साइडचा असतो. अगदी अलीकडच्या चिप ज्या प्रकाशानं कोरतात, तोही कथलातूनच निघतो. नेदरलँड्समधल्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रात वितळलेल्या कथलाचे थेंब पोकळीत सोडले जातात, सेकंदाला सुमारे 50,000. प्रत्येक थेंब केसाच्या जाडीपेक्षाही लहान. लेझरचा पहिला तडाखा त्याला चपटा करतो, दुसरा त्याची इतकी तप्त वाफ करतो की तिच्यातून 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो.

कथलाच्या सगळ्याच संयुगांना निरुपद्रवी म्हणता येत नाही. जहाजांच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन असलेला रंग लावत असत. त्यानं समुद्रातल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, काही ठिकाणी त्यांची वीणच थांबली. 2008 मध्ये त्यावर जगभर बंदी आली.

हे सारं कथील येतं मुख्यतः चीन, इंडोनेशिया, म्यानमार, पेरू या देशांतून. आपल्याकडे ते फार थोडं सापडतं आणि भारताची गरज बरीचशी आयातीवर भागते. जे आहे ते छत्तीसगडच्या दंतेवाडा आणि सुकमा भागात. तिथली आदिवासी कुटुंबं ओढ्याकाठची माती खणतात आणि पसरट भांड्यात पाण्याबरोबर गोल गोल हलवतात, सुपात धान्य पाखडावं तशी. वाळू हलकी, ती पाण्याबरोबर वाहून जाते. तळाशी उरतात काळे, चमकदार, आकाराच्या मानानं भलतेच जड खडे. हे कॅसिटेराइट, कथलाचं ऑक्साइड. कोळशाबरोबर भट्टीत तापवलं की कोळसा त्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि काळ्या खड्यातून पांढरा धातू वाहू लागतो.